निवृत्तीनंतर परदेशी राहायचे असल्यास: दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे नियम पायरीपायरीने

ठाणे आणि नवी मुंबईतील पुष्कळ घरांत आज साठी ओलांडलेले नवरा-बायको दोघेच राहतात आणि मुले टोरांटो, सिडनी किंवा न्यू जर्सीला स्थिरावलेली असतात. काहींची मुले इथेच असतात, परंतु निवृत्तीनंतरची काही वर्षे थायलंड, पोर्तुगाल किंवा दुबईत काढावीत असा विचार त्यांच्या मनात येऊ लागलेला असतो. दोघांचाही पहिला प्रश्न एकच असतो: व्हिसा कसा मिळेल? माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. वय पंचाहत्तरीकडे झुकलेले असताना, तब्येत आजच्यासारखी राहिलेली नसताना आणि मध्येच तीन-चार महिने घरी यावे लागले असताना तो व्हिसा टिकेल का, हे आधी पाहायला हवे. म्हणून नियम वाचताना अर्जाच्या पानापासून सुरुवात न करता मुदतवाढ आणि गैरहजेरी यांच्या पानापासून करावी, असा माझा आग्रह आहे आणि पुढील मांडणी त्याच धोरणाने केलेली आहे.

पहिली पायरी: व्हिसाची वैधता आणि राहण्याची मुदत यांतील फरक ओळखणे

पासपोर्टवरील व्हिसावर जी अंतिम तारीख असते ती बहुतेक वेळा देशात प्रवेश करण्याची अंतिम तारीख असते. प्रवेश केल्यावर किती दिवस राहता येईल हे वेगळे ठरते. अमेरिकेचा बी-२ हा पर्यटन व्हिसा भारतीयांना सामान्यतः दहा वर्षांसाठी मिळतो, परंतु प्रत्येक वेळी विमानतळावरील अधिकारी राहण्याची मुदत ठरवतो, ती साधारण सहा महिन्यांची असते आणि आय-९४ या नोंदीत दिसते. उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी ही नोंद संकेतस्थळावर तपासून तिची प्रत काढून ठेवावी. ब्रिटनचा दोन, पाच किंवा दहा वर्षांचा भेटीचा व्हिसा असला तरी एका भेटीत सहा महिन्यांपेक्षा अधिक राहता येत नाही. युरोपातील शेंगेन देशांत अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांच्या अवधीत ९० दिवसच राहता येते, आणि हे १८० दिवस कॅलेंडरच्या अर्ध्या वर्षाचे नसून त्या त्या दिवसापासून मागे मोजायचे असतात. जर्मनीत साठ दिवस राहून इटलीत नव्याने ९० दिवस मिळतील असे समजणारे अनेक जण असतात. तसे होत नाही, कारण सर्व शेंगेन देशांतील दिवस एकत्रच धरले जातात.

पर्यटन व्हिसावर ये-जा करत वर्षानुवर्षे राहणे म्हणजे स्थायिक होणे नव्हे. सहा महिने राहून पंधरा दिवसांसाठी परत यायचे आणि पुन्हा निघायचे असे दोन-तीनदा झाले की, ही व्यक्ती भेटीला येते की इथेच राहते असा प्रश्न अधिकारी विचारतोच, आणि तो विचारण्याचा त्याला अधिकार असतो.

दुसरी पायरी: आपली वाट कोणती, मुलांच्या आधाराची की स्वतःच्या पेन्शनची

ज्यांची मुले परदेशात आहेत त्यांनी आधी हे समजून घ्यावे की अमेरिकेत निवृत्तांसाठी वेगळा व्हिसाच नाही. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक असेल आणि वय २१ पूर्ण असेल, तर ती आई-वडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करू शकते; मूल स्वतः केवळ ग्रीन कार्डधारक असेल तर त्याला हा अर्ज करता येत नाही. ब्रिटनने स्वतःच्या उत्पन्नावर राहणाऱ्या निवृत्तांचा व्हिसा २००८ मध्ये नव्या अर्जदारांसाठी बंद केला. प्रौढ आश्रितांसाठी एक मार्ग उरला आहे, पण त्याच्या अटी इतक्या कडक आहेत की स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्या आई-वडिलांनी त्यावर भिस्त ठेवू नये.

कॅनडाचा सुपर व्हिसा हा मात्र आपल्याकडच्या आई-वडिलांसाठी खरोखर उपयोगी मार्ग आहे. त्यावर एका प्रवेशात सलग पाच वर्षांपर्यंत राहता येते. त्यासाठी मुलाने किंवा मुलीने कुटुंबसंख्येनुसार ठरलेले किमान उत्पन्न दाखवावे लागते, आई-वडिलांना वैद्यकीय तपासणी करावी लागते आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान एक वर्षाचा आरोग्य विमा काढावा लागतो. हा अर्ज कॅनडाबाहेरूनच करायचा असतो. साध्या भेटीच्या व्हिसावर जाऊन तिथे तो बदलून घेऊ, असे मनात असल्यास ते काढून टाकावे. ऑस्ट्रेलियात गुंतवणूकदार निवृत्तांचा व्हिसा आता नव्याने मिळत नाही, परंतु ८७० क्रमांकाचा प्रायोजित पालक व्हिसा तीन किंवा पाच वर्षांसाठी मिळतो आणि एकूण दहा वर्षांपर्यंत राहता येते. त्यात आधी मुलाला प्रायोजक म्हणून मान्यता मिळावी लागते आणि मगच पालकांचा अर्ज होतो. कायमचा पालक व्हिसा हवा असल्यास मोठे शुल्क न भरता मिळणाऱ्या प्रकाराची रांग काही दशकांची आहे, आणि साठीच्या माणसाने त्या रांगेवर आयुष्याची आखणी करू नये, हे स्पष्टपणे सांगितलेले बरे.

स्वतःच्या पैशावर जाणाऱ्यांची वाट वेगळी आहे आणि तिथे वय व उत्पन्न हे दोन दरवाजे असतात. थायलंडचा ‘ओ-ए’ व्हिसा ५० वर्षे पूर्ण झालेल्यांना मिळतो. त्यासाठी ८ लाख बाटची बँकेतील शिल्लक किंवा दरमहा ६५ हजार बाटचे उत्पन्न दाखवावे लागते, पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि आरोग्य विमाही लागतो. संयुक्त अरब अमिरातीचा पाच वर्षांचा निवृत्ती व्हिसा ५५ वर्षांवरील, किमान १५ वर्षे नोकरी-व्यवसाय केलेल्यांसाठी आहे. दहा लाख दिरहमची मालमत्ता, दहा लाख दिरहमची बचत किंवा ठरावीक मासिक उत्पन्न यांपैकी एक अट पुरी करावी लागते. स्पेनच्या ‘बिगर-कमाई’ निवासासाठी तेथील अधिकृत उत्पन्न निर्देशांकाच्या चौपट, म्हणजे अलीकडच्या आकड्यांनुसार दरमहा २४०० युरो, आणि सोबतच्या प्रत्येक व्यक्तीसाठी आणखी ६०० युरो दाखवावे लागतात. पोर्तुगालच्या, पेन्शनसारख्या नियमित उत्पन्नावर राहणाऱ्यांसाठीच्या ‘डी-७’ व्हिसाचा उंबरठा तेथील किमान वेतनाशी बांधलेला असल्याने तो जवळजवळ दरवर्षी वर सरकतो. मलेशियाचा ‘दुसरे घर’ कार्यक्रम एके काळी मध्यमवर्गाच्या आवाक्यात होता. २०२४ च्या नव्या रचनेत त्याच्या रजत श्रेणीलाही दीड लाख अमेरिकी डॉलरची ठेव आणि घराची खरेदी लागते, म्हणून जुन्या माहितीवर विसंबून तिकडे वळू नये.

इथे एक सूचना करावीशी वाटते. आपली पेन्शन रुपयांत आहे आणि अट परकीय चलनात आहे. आज काठावर पुरे होणारे उत्पन्न रुपया घसरला की पुढच्या मुदतवाढीला अपुरे ठरते. म्हणून किमान अटीपेक्षा चांगला चौथाई भाग अधिक हाताशी असेल तरच त्या देशाचा विचार करावा.

तिसरी पायरी: मुदतवाढीचे आणि गैरहजेरीचे नियम

ही पायरी सर्वांत महत्त्वाची असून ती सर्वाधिक दुर्लक्षिली जाते. आपल्या लोकांचे घरी येणे ठरलेले असते: गणपतीला, डिसेंबर-जानेवारीतल्या लग्नकार्यांना, डोळ्यांच्या किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला, आणि दुःखद प्रसंगी तर तारीख न ठरवताच यावे लागते. प्रत्येक देश मात्र निवास परवाना देताना तुम्ही तिथे राहणार असे धरून चालतो. पोर्तुगालच्या तात्पुरत्या निवास परवान्याच्या काळात सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने किंवा तुटक मिळून आठ महिन्यांहून अधिक बाहेर राहिल्यास परवाना रद्द होऊ शकतो. हा परवाना आधी दोन वर्षांचा असतो, म्हणजे दोन वर्षांत एकूण आठच महिने. अमिरातीच्या सर्वसाधारण निवास परवान्यावर सलग सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिले की तो बाद ठरतो, म्हणून आपल्या प्रकाराला हा नियम लागू आहे का, हे अर्जापूर्वी लेखी विचारून घ्यावे. अमेरिकेचे ग्रीन कार्ड घेऊन वर्षाचा मोठा भाग ठाण्यातच काढला, तर कायमचे वास्तव्य सोडले असे मानले जाण्याचा धोका असतो; एक वर्ष किंवा त्याहून अधिक बाहेर राहायचे असल्यास निघण्यापूर्वी पुनर्प्रवेश परवान्याचा अर्ज करावा लागतो.

थायलंडमध्ये हा नियम फार बारीक आहे. तिथे वर्षभराची मुदतवाढ मिळाल्यावर देशाबाहेर जाण्यापूर्वी पुनर्प्रवेश परवाना घ्यावा लागतो. तो न घेता माणूस बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरून मुंबईला निघाला, तर त्याची मुदतवाढ तिथेच संपते आणि सर्व प्रक्रिया पुन्हा करावी लागते. शिवाय ठेवीच्या आधारावर मुदतवाढ घेतली असेल तर ८ लाख बाट अर्जापूर्वी दोन महिने व नंतर तीन महिने खात्यात असावे लागतात, आणि उरलेल्या काळातही शिल्लक चार लाखांच्या खाली जाऊन चालत नाही. म्हणजे हा पैसा आपला असला तरी आजारपणात हाताशी येणारा नाही. त्याची गणना संकटकाळच्या पैशात करू नये.

दुसरा प्रश्न विचारायला जड वाटतो, पण विचारलाच पाहिजे. मुख्य अर्जदाराचे निधन झाल्यास सोबतच्या जोडीदाराचे काय होते? अनेक देशांत जोडीदाराचा परवाना मुख्य अर्जदाराच्या परवान्यावर अवलंबून असतो, आणि पेन्शन पतीच्या नावे असेल तर पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कमी रकमेवर नव्याने पात्र ठरावे लागते. जिथे दोघांनाही स्वतंत्र अर्ज करता येतो आणि दोघांचे वय-उत्पन्न बसते, तिथे खर्च थोडा अधिक झाला तरी स्वतंत्र अर्जच करावेत. आणि जिथे ते शक्य नसेल तिथे निदान पत्नीच्या नावे पुरेशी ठेव आधीच असावी.

चौथी पायरी: कागदपत्रे, आणि त्यांतील नावे

अर्ज अडतात ते बहुधा पैशामुळे नव्हे, तर नावांमुळे. आपल्याकडे साठीच्या पुढच्या बाईचे नाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे, लग्नपत्रिकेवर सासरी ठेवलेले, आधारवर नवऱ्याच्या नावासह आणि बँकेत केवळ आद्याक्षरांसह असते. पुरुषांच्या बाबतीत पी.पी.ओ. म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशपत्रावरील स्पेलिंग आणि पासपोर्टवरील स्पेलिंग जुळत नाही. आधी पासपोर्ट हा मूळ आधार धरावा आणि आधार, पॅन, बँक व पी.पी.ओ. त्याच्याशी जुळवून घ्यावेत. लग्नात नावच बदलले असेल आणि तो बदल कुठेच नोंदलेला नसेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा. या कामाला काही महिने जातात, म्हणून ते सर्वांआधी हाती घ्यावे.

विवाह नोंदणी हे दुसरे अडणारे ठिकाण. १९७० किंवा १९८० च्या दशकात लग्न झालेल्या अनेक जोडप्यांकडे नोंदणी प्रमाणपत्र नसते, आणि मंगल कार्यालयाची पावती किंवा लग्नाचा फोटो कोणताही दूतावास स्वीकारत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली उशिरानेही नोंदणी करता येते. ठाण्यात ती महापालिकेच्या प्रभाग समितीच्या कार्यालयातून, तर नवी मुंबईत विभाग कार्यालयातून होते. खारघर किंवा कामोठ्यात राहणाऱ्यांनी मात्र पनवेल महापालिकेकडे जावे, कारण पत्त्यात आपण नवी मुंबई लिहीत असलो तरी तो भाग पनवेल महापालिकेत येतो.

पोलिसांचा चारित्र्य दाखला परदेशी वास्तव्यासाठी पासपोर्ट कार्यालयाकडूनच घ्यावा. त्याचा अर्ज संकेतस्थळावर भरून ठाण्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात वेळ घेता येते. पासपोर्टवर जुना पत्ता, समजा डोंबिवलीचा, असेल आणि आता आपण ऐरोलीत राहत असाल, तर पडताळणी लांबते, म्हणून आधी पत्ता बदलून घेतलेला बरा. बहुतेक देश हा दाखला सहा महिन्यांच्या आतला आणि वैद्यकीय प्रमाणपत्र तीन महिन्यांच्या आतले मागतात. यामुळे क्रम महत्त्वाचा ठरतो. नाव आणि विवाह यांची कामे आधी, आर्थिक पुरावे त्यानंतर, आणि पोलीस दाखला व वैद्यकीय तपासणी सर्वांत शेवटी. उत्साहाने हा दाखला आधी घेतला तर अर्जाच्या वेळी तो शिळा झालेला असतो.

त्यानंतर अपोस्टिल, म्हणजे आपला कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीचे प्रमाणन. भारत २००५ पासून हेग येथील अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे पोर्तुगाल, स्पेन यांसारख्या करारातील देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का पुरतो. विवाह प्रमाणपत्रासारख्या कागदावर त्याआधी राज्य शासनाचे प्रमाणन लागते. अमिराती या करारात नसल्याने तिथे दूतावासाकडून वेगळे प्रमाणन करून घ्यावे लागते. मराठीतील दाखल्यांचे प्रमाणित भाषांतर लागते, आणि भाषांतरातही नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच असावे, हे भाषांतरकाराला कागदावर लिहून द्यावे. आणखी एक दिलासा देणारी बाब: दहावी पूर्ण न केलेल्यांच्या पासपोर्टवर ‘इमिग्रेशन तपासणी आवश्यक’ असा उल्लेख येतो, परंतु ५० वर्षांवरील व्यक्तींना ही अट लागू नाही, त्यामुळे आईचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे म्हणून काळजी करण्याचे कारण नाही.

पाचवी पायरी: पैसा नेणे, पेन्शन चालू ठेवणे आणि कर

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. वर्षात १० लाख रुपयांपुढील रकमेवर, शिक्षण व वैद्यकीय उपचार यांसारखी वेगळी धरलेली कारणे सोडून, बँक २० टक्के कर उगमस्थानी गोळा करते. हा पैसा बुडत नाही, विवरणपत्रात तो वळता करून मिळतो. पण तोवर तो अडकतो. म्हणून मोठी ठेव ठेवायची असल्यास ती मार्च आणि एप्रिल अशा दोन आर्थिक वर्षांत विभागावी, आणि शक्य असल्यास पती-पत्नींनी आपापल्या खात्यांतून पाठवावी.

कायमच्या किंवा अनिश्चित काळाच्या वास्तव्यासाठी भारत सोडला की परकीय चलन कायद्याखाली माणूस अनिवासी ठरतो, आणि साधे बचत खाते एन.आर.ओ. या अनिवासींच्या खात्यात बदलून घ्यावे लागते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आणि पी.पी.एफ.मध्ये अनिवासींना नवे खाते उघडता येत नाही, म्हणून निघण्यापूर्वीच चार्टर्ड अकाउंटंटकडे बसून गुंतवणुकीचा आढावा घ्यावा. आयकराचा निकष वेगळा आहे. तिथे दिवस मोजले जातात, आणि वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहिल्यास माणूस निवासी ठरतो. तिकडे स्पेनमध्ये १८३ दिवसांहून अधिक आणि थायलंडमध्ये १८० दिवस राहिल्यास तेथील करनिवासी होतो, आणि थायलंडने २०२४ पासून करनिवाशांनी बाहेरून आणलेल्या उत्पन्नावरही कर लागू केला आहे. दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार आहेत, परंतु सरकारी पेन्शन आणि खासगी पेन्शन यांना त्यांत बहुधा वेगळी कलमे असतात. मंत्रालयातून निवृत्त झालेल्याचा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यातून निवृत्त झालेल्याचा हिशोब म्हणूनच एकसारखा नसतो.

हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो. आधारशी जोडलेल्या मोबाइलवरील चेहरा-पडताळणीने तो आता परदेशातूनही देता येतो, नाहीतर भारतीय दूतावासातून घेता येतो. यासाठी आणि बँकेच्या ओटीपीसाठी भारतीय सिम चालू असणे अत्यावश्यक आहे. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर ते बंद पडू शकते, म्हणून त्याचे रिचार्ज मुलाकडे किंवा भाच्याकडे सोपवून जावे.

सहावी पायरी: औषधपाणी

भारतातील आरोग्य विमा सामान्यतः परदेशातील उपचारांना लागू नसतो आणि प्रवास विमा बहुधा १८० दिवसांपुरता व सत्तरीनंतर कमी रकमेचा असतो. मधुमेह, रक्तदाब, जुनी अँजिओप्लास्टी यांची माहिती विम्याच्या अर्जात दडवू नये. दावा नाकारला जातो तो बहुतेक याच कारणाने. इथली पॉलिसी बंद करू नये, कारण परत आल्यावर त्या वयात नवी मिळणे अवघड असते. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत. अमिरातीत ट्रामाडोल, कोडीन यांसारखी वेदनाशामके पूर्वपरवानगीशिवाय नेणे गुन्हा ठरू शकते.

सातवी पायरी: इथले घर, आणि तिथे पोचल्यावर

घर विकण्याची घाई करू नये. पहिल्या मुदतवाढीचा अनुभव येईपर्यंत ते ठेवावे. भाड्याने द्यायचे असल्यास लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी बंधनकारक आहे, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यावी लागते आणि सोसायटी ना-वास्तव्य शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे) सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत आकारू शकते. घरमालक अनिवासी झाला की भाडेकरूला भाड्यातून सुमारे ३० टक्के कर कापावा लागतो, हे करारापूर्वीच त्याला सांगावे. विश्वासातील व्यक्तीच्या नावे मुखत्यारपत्र निघण्यापूर्वी दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे. त्यात अधिकार नेमके लिहावेत, विक्रीचा अधिकार खरोखर द्यायचा असेल तरच. परदेशात गेल्यावर ते करायचे झाल्यास दूतावासातून प्रमाणित करून, भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावे लागते.

पोचल्यानंतर पत्त्याची नोंदणी, निवास ओळखपत्र आणि ठरावीक काळाने हजेरी ही कामे येतात. थायलंडमध्ये दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो आणि मुदत उलटून राहिल्यास दिवसाला ५०० बाट दंड होतो. निवृत्तीच्या अनेक व्हिसांवर नोकरी करता येत नाही; नातेवाइकाच्या दुकानात मदतीला बसणेही काम धरले जाऊ शकते. परदेशात पासपोर्ट संपत आला तर भारतीय दूतावासातून नवा काढता येतो, परंतु चालू व्हिसा जुन्या पासपोर्टवरच असतो, म्हणून तो जपून ठेवावा, प्रवासात दोन्ही जवळ बाळगावेत आणि नव्या क्रमांकाची नोंद तेथील इमिग्रेशन कार्यालयात करून घ्यावी.